दूषित अन्न-पाण्याची साथ: माग कसा काढायचा आणि कशी कळवायची

एकाच ठिकाणी जेवलेल्या किंवा एकाच टाकीचं पाणी प्यायलेल्या दोन किंवा अधिक जणांना सारखाच त्रास सुरू झाला, की तो उद्रेक धरायचा आणि त्याच दिवशी आरोग्य यंत्रणेला कळवायचं. काही आजारांत तर एकच रुग्ण पुरतो: बोटुलिझम (जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पाडणारी विषबाधा), रासायनिक विषबाधा, किंवा जिथे कॉलरा एरवी आढळत नाही तिथला कॉलऱ्याचा एक संशयित.

‘आधी तपासणीचा रिपोर्ट येऊ दे, मग कळवू’ हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य आहे. शौचाच्या नमुन्याचं कल्चर (प्रयोगशाळेत जंतू वाढवून ओळखणं) यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर उरलेलं अन्न फेकलेलं असतं, पातेली घासून पालथी पडलेली असतात, टाकीत कुणीतरी भरपूर क्लोरीन ओतलेलं असतं आणि काय खाल्लं होतं हे रुग्णांना धड आठवत नसतं. पुरावा तासातासाने नासतो, म्हणून शोध आणि नमुने बरोबरीनेच सुरू करायचे.

पहिला फोन आला की

फोन करणाऱ्याचं नाव आणि संपर्क लिहून घ्या आणि लगेच पाच गोष्टी विचारा: किती जण आजारी, नेमका कोणता त्रास, पहिल्याला त्रास किती वाजता सुरू झाला, सगळ्यांमध्ये समान काय (जेवण, पाणी, प्रवास, पोहण्याचा तलाव), आणि कुणाची प्रकृती गंभीर आहे का. फोन ठेवण्याआधी दोन सूचना द्या. उरलेलं अन्न फेकू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा. स्वयंपाकघर धुऊ नका.

ही खरंच साथ आहे का, हे पाहण्यासाठी नेहमीचा आकडा माहीत हवा. जुलाबाचे रुग्ण वर्षभर येतच असतात. याच महिन्यात, याच भागात एरवी आठवड्याला किती येतात, त्याच्याशी ताडून बघा. नवीन दवाखाना सुरू झाला किंवा प्रयोगशाळेने नवी चाचणी आणली, तरी आकडा फुगतो. उलट कित्येक रुग्ण डॉक्टरकडे न जाता दुकानातून औषध घेतात, त्यामुळे दवाखान्यातला आकडा शांत राहूनही साथ चालू असू शकते. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात नळाच्या पाण्यातून क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी पसरला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. तिथे जुलाबाची औषधं दुकानांतून संपणं आणि कामावरची वाढती गैरहजेरी हे सुरुवातीचे इशारे होते. औषधांची दुकानं, शाळांचे हजेरीपट आणि पाणीपुरवठ्याकडे येणाऱ्या तक्रारी यांवर रोजचा डोळा असावा.

रुग्ण कुणाला म्हणायचं, ते आधी ठरवा

मोजणी सुरू करण्याआधी एका वाक्यात रुग्ण-व्याख्या लिहा. तीत लक्षणं, जागा आणि काळ या तिन्ही गोष्टी हव्यात: ‘अमुक तारखेच्या रात्रीच्या जेवणाला हजर असलेली आणि त्यानंतरच्या ७२ तासांत एका दिवसात तीन किंवा अधिक पातळ जुलाब, किंवा पोटात कळा, किंवा उलटी झालेली व्यक्ती.’ सुरुवातीला व्याख्या सैल ठेवा, नंतर आवळा. संशयित, संभाव्य आणि निश्चित असे तीन स्तर केले की प्रयोगशाळेच्या रिपोर्टसाठी कुणी यादीबाहेर राहत नाही. एक चूक मात्र कटाक्षाने टाळा: ज्या पदार्थावर संशय आहे तो व्याख्येत घालू नका. ‘रस्सा खाल्लेली आणि आजारी पडलेली व्यक्ती’ अशी व्याख्या केली, तर रस्साच दोषी ठरणार. मग शोध कसला घ्यायचा?

रुग्णयादी

एका रुग्णाची एक ओळ. वहीत करा की स्प्रेडशीटमध्ये, रकाने तेच: अनुक्रमांक, वय, लिंग, राहण्याची जागा, व्यवसाय (स्वयंपाक, मुलं सांभाळणं किंवा रुग्णसेवा असेल तर ठळकपणे), त्रास सुरू झाल्याची तारीख आणि वेळ, प्रत्येक लक्षणासाठी हो/नाही असा स्वतंत्र रकाना, त्रास किती तास टिकला, दाखल केलं का, प्रतिजैविक कधी सुरू केलं, नमुना कधी घेतला, त्याचा निकाल, आणि काय खाल्लं-प्यायलं. नावं वेगळ्या कागदावर कुलपात ठेवायची. यादी अनुक्रमांकावर चालवायची.

या सगळ्यांत त्रास सुरू झाल्याच्या वेळेचा रकाना सर्वांत मोलाचा, आणि सर्वांत निष्काळजीपणे भरला जाणाराही तोच. दवाखान्यात आल्याची वेळ तिथे लिहिली जाते. ‘काल रात्रीपासून’ असं उत्तर आलं तर थांबू नका. झोपण्याआधी की झोपेतून उठून? कोण जागं होतं? पहिली कळ की पहिला जुलाब? अशा प्रश्नांनी साधारण एका तासापर्यंत नेम लागतो. मध्यरात्रीनंतरच्या वेळेला तारीख चुकते, तीही तपासा. रकाना रिकामा असेल तर ‘माहीत नाही’ असं लिहा. ‘नाही’ आणि ‘विचारलंच नाही’ यांत फरक आहे.

घड्याळ काय सांगतं

आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर रुग्ण, असा साथीचा आलेख काढा. एका खांबाची रुंदी संशयित आजाराच्या अधिशयन काळाच्या (म्हणजे जंतू पोटात गेल्यापासून त्रास सुरू होईपर्यंतच्या काळाच्या) साधारण पाव भाग ठेवा. हा काळ बारा तासांचा असेल तर तीन-तीन तासांचे खांब. दिवसाचा एक खांब केला, तर सगळी साथ एकाच खांबात कोंबली जाते आणि आलेख मुका होतो.

आलेख झपकन चढून उतरला आणि सगळे रुग्ण एका अधिशयन काळाच्या आत बसले, तर एकाच जेवणाशी किंवा एकाच वेळच्या पाण्याशी संबंध आहे. चढून पठारासारखा टिकून राहिला, तर उगम अजून चालू आहे: फुटकी जलवाहिनी, अजून विकलं जाणारं अन्न. एकामागून एक मोठ्या लाटा येत असतील, तर आजार माणसाकडून माणसाकडे जातो आहे.

प्रत्येक जंतूचा अधिशयन काळ पाठच असावा. स्टॅफिलोकॉकसचं विष अर्ध्या तासापासून ८ तासांत, आणि जोर उलट्यांवर. बॅसिलस सीरियसचा उलट्यांचा प्रकारही तसाच, १ ते ६ तासांत. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स ६ ते २४ तासांत: कळा आणि जुलाब, ताप आणि उलट्या क्वचित. नोरोव्हायरस १२ ते ४८ तासांत. साल्मोनेला बहुधा ६ ते ७२ तासांत, तापासह. कॉलरा काही तासांपासून ५ दिवसांत. कॅम्पिलोबॅक्टर २ ते ५ दिवस, ई. कोलाय ओ१५७ बहुधा ३ ते ४ दिवस, क्रिप्टोस्पोरिडियम साधारण आठवडा. विषमज्वराला एक ते तीन आठवडे, हिपॅटायटिस ए साठी १५ ते ५० दिवस. लिस्टेरिया ७० दिवसांपर्यंत लपून राहू शकतो. मिनिटांत किंवा तासाभरात उलट्या, घाम, चक्कर सुरू झाली तर आधी रसायनाचा विचार करा. अंधुक दिसणं, जड जीभ, वरून खाली उतरत जाणारी अशक्तता दिसली तर बोटुलिझम. तिथे रक्तजलाचा (सीरमचा) नमुना प्रतिविष देण्याआधी घ्यायचा, पण त्यासाठी उपचार थांबवायचे नाहीत.

जेवण माहीत असेल तर आजार ओळखता येतो, आजार माहीत असेल तर जेवण. रुग्ण वेळेच्या क्रमाने लावा आणि मधोमध येणाऱ्या रुग्णाची वेळ घ्या. जेवण रात्री ८ ला, पहिला रुग्ण पहाटे २ ला, मधला सकाळी ७ ला: म्हणजे ११ तास. कळा आणि जुलाब जवळजवळ सगळ्यांना, ताप-उलट्या नगण्य. इतक्यावरच परफ्रिंजेन्सचा दाट संशय घेता येतो आणि स्वयंपाकघरात काय शोधायचं ते कळतं. बॅसिलस सीरियसचा जुलाबाचा प्रकार अगदी असाच दिसतो, म्हणून प्रयोगशाळेला दोन्ही नावं द्या.

जे आजारी पडले नाहीत, त्यांना विचारा

नवख्या पथकांची ठरलेली चूक: ते फक्त रुग्णांना विचारतात. ‘९० टक्के रुग्णांनी भात खाल्ला होता’ यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण निरोगी राहिलेल्या ९० टक्क्यांनीही भात खाल्लेला असू शकतो. तुलनेशिवाय पुरावा नाही.

हजर असलेल्यांची पूर्ण यादी मिळत असेल, तर सगळ्यांना तीच प्रश्नावली द्या. समजा १२० पैकी ११० जण भेटले आणि त्यांतले ४७ आजारी होते. मांसाचा रस्सा खाल्लेले ६०, त्यांतले ४२ आजारी, म्हणजे ७० टक्के. न खाल्लेले ५०, त्यांतले ५ आजारी, म्हणजे १० टक्के. सत्तरला दहाने भागलं की सापेक्ष जोखीम ७, म्हणजे खाणाऱ्यांना धोका सातपट. आता सॅलड: खाल्लेले ७०, आजारी ३३ (४७ टक्के), न खाल्लेले ४०, आजारी १४ (३५ टक्के), जोखीम १.३. मग सॅलडही थोडं दोषी आहे का? दोन्ही एकत्र उलगडून पाहा. रस्सा न खाता फक्त सॅलड खाल्लेल्या २६ जणांत २ आजारी, दोन्ही न खाल्लेल्या २४ जणांत ३. सॅलड सुटलं, रस्सा खाणाऱ्यांनी ते जास्त घेतलं होतं, इतकंच.

रस्सा न खाताही आजारी पडलेल्या पाच जणांना गाळू नका. विसरले असतील, रस्स्याचाच डाव दुसऱ्या पातेल्यात फिरला असेल किंवा त्यांचा त्रास वेगळाच असेल. प्रत्येकाला पुन्हा भेटा.

साथ गावभर पसरलेली असेल आणि यादीच नसेल, तर प्रत्येक रुग्णामागे एक ते चार निरोगी माणसं निवडून तेच प्रश्न विचारा. इथे एक खोच आहे. पाण्याचा संशय असताना तुलनेसाठी शेजारचीच माणसं घेतली, तर ती तेच पाणी पितात आणि फरक दिसतच नाही. वेगळ्या वाहिनीवरच्या भागातली माणसंही घ्यावी लागतात. शिवाय ‘पाणी पिता का’ असं न विचारता ‘दिवसाला किती पेले, कुठलं, उकळून की तसंच’ असं विचारा. पेले वाढतील तसं आजाराचं प्रमाण वाढत गेलं, तर तो भक्कम पुरावा.

आठवणीवर फार विसंबू नका. २०११ साली जर्मनीत ई. कोलाय ओ१०४ च्या साथीत ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. सुरुवातीला काकड्यांवर ठपका आला, देशोदेशी काकड्या फेकल्या गेल्या. खरा उगम मेथीचे मोड होते. सॅलडवर भुरभुरलेले चार मोड कुणाच्या लक्षात राहणार? उत्तर मिळालं ते उपाहारगृहातल्या बिलांवरून आणि स्वयंपाक्याकडून प्रत्येक पदार्थात काय-काय पडतं हे विचारून. बिलं, जेवणाचे फोटो, खरेदीच्या पावत्या मागा.

नमुने

शौचाचे नमुने त्रास सुरू झाल्यापासून शक्यतो ४८ ते ७२ तासांत, प्रतिजैविक सुरू होण्याआधी घ्या. सगळ्यांचे नकोत, ताज्या ५ ते १० रुग्णांचे पुरतात. जिवाणूंसाठी स्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात (वाटेत जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या) तळापर्यंत खुपसा, काडीचा वरचा भाग मोडा, झाकण घट्ट लावा. विषाणू आणि विष तपासायला मात्र स्वच्छ कोरड्या डबीत ५ ते १० ग्रॅम शौचच लागतं. ४ अंशांवर ठेवा. जिवाणूंच्या नमुन्यात फॉर्मॅलिन घातलं की तो मेलाच.

अन्नाचा प्रत्येक पदार्थ निर्जंतुक चमच्याने, वेगळ्या निर्जंतुक डब्यात, २०० ते २५० ग्रॅम. ० ते ४ अंशांवर, बर्फाच्या पेटीतून पाठवा. गोठलेलं अन्न गोठलेलंच जाऊ द्या, पण जे गोठलेलं नव्हतं ते फ्रीझरमध्ये टाकू नका. परफ्रिंजेन्स आणि कॅम्पिलोबॅक्टर थंडीने मरतात आणि रिपोर्ट खोटा ‘निर्दोष’ येतो. बंद पाकीट असेल तर वेष्टनासकट, बॅच क्रमांकासह. स्टॅफिलोकॉकसचा संशय असेल तर विषाची चाचणी नाव घेऊन मागा: पुन्हा गरम केल्यावर जंतू मरतो, त्याचं विष टिकतं. प्रयोगशाळेला ‘सर्व तपासण्या करा’ असं लिहून पाठवणं म्हणजे नमुना वाया घालवणं. लक्षणं, तासांचा हिशेब आणि संशयित जंतू पत्रात लिहा. परफ्रिंजेन्ससाठी ग्रॅममागे मोजणी मागा, कारण तो थोडाफार कुठेही सापडतो. अन्नात ग्रॅमला एक लाख किंवा अधिक सापडला तर दोष धरता येतो.

पाणी

पाण्याच्या नमुन्यासाठी सोडियम थायोसल्फेट घातलेली निर्जंतुक बाटली लागते, नाहीतर पाण्यातलं क्लोरीन वाटेतच जंतू मारत राहतं. बाटली विसळू नका, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, वर बोटभर जागा सोडा. शक्यतो ६ तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत २४ तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवा. उगम, शुद्धीकरणानंतर, साठवण टाकी, वाहिनीचं शेवटचं टोक आणि रुग्णाच्या घरातलं साठवलेलं पाणी, अशा पाच जागा तरी हव्यात. घरातलंच खराब निघालं आणि नळाचं चांगलं, तर रोख भांड्याकडे आणि हाताकडे वळतो.

मुक्त (अजून जंतू मारू शकणारं) क्लोरीन जागच्या जागी मोजा. नळाशी निदान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर हवं. नोंदवहीतला आकडा उतरवून घेऊ नका. कॅनडातल्या वॉकर्टन गावी मे २००० मध्ये मोठ्या पावसानंतर जनावरांच्या शेणातला ई. कोलाय विहिरीत उतरला. सुमारे २,३०० लोक आजारी पडले, ७ जणांचा जीव गेला, आणि क्लोरीनच्या नोंदी खोट्या भरल्या जात होत्या हे चौकशीत उघड झालं. साथ कळल्यावर टाकीत क्लोरीन ओतून मग घेतलेला ‘पिण्यायोग्य’ नमुना त्या आधीच्या पाण्याबद्दल काहीच सांगत नाही. आणि क्लोरीन पुरेसं असलं तरी क्रिप्टोस्पोरिडियम त्याला दाद देत नाही. तिथे गढूळपणाचे आकडे आणि गाळण यंत्रणा तपासायची.

नकाशावर रुग्ण, वाहिन्या, झडपा, गळती आणि सांडपाण्याच्या वाहिन्या जिथे पाण्याच्या वाहिन्यांना ओलांडतात त्या जागा मांडा. पाणी ठरावीक वेळी सोडलं जात असेल, तर बंद काळात वाहिनीतला दाब पडतो आणि गळतीतून बाहेरची घाण आत ओढली जाते. ठिपके नुसते मोजू नका, त्या भागातल्या लोकसंख्येने भागा. दाट वस्तीत ठिपके दाटच दिसणार. आणि नकाशात न बसणारी माणसं शोधा. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या कॉलऱ्याच्या साथीत, तिथल्या पंपाच्या पाण्यावर संशय असताना, डॉक्टर जॉन स्नो यांनी तेच केलं. पंपाजवळच्या श्रमगृहात (गरिबांना ठेवून काम करवून घेणाऱ्या संस्थेत) पाचशेहून अधिक माणसं असूनही फार थोडी दगावली, कारण तिथे स्वतःची विहीर होती. उलट दूर हॅम्पस्टेडला राहणारी एक विधवा कॉलऱ्याने गेली. ती खास त्याच पंपाचं पाणी मागवत असे.

स्वयंपाकघरात

‘स्वच्छता पाळता का’ या प्रश्नाचं उत्तर सगळीकडे ‘हो’ असतं. त्याऐवजी संशयित पदार्थ त्या दिवशी कसा झाला, ते घड्याळ लावून पायरी-पायरीने सांगायला लावा, शक्य तर करून दाखवायला. किती किलो, किती खोल पातेलं, किती वाजता उतरवलं, कशात आणि कुठे ठेवलं, पुन्हा किती तापवलं? रस्स्याच्या गोष्टीत उत्तर बहुधा थंड होण्यात असतं: ४० लिटरचं खोल पातेलं मधोमध तासन्‌तास कोमट राहतं, शिजण्यातून वाचलेले बीजाणू (जिवाणूंची उष्णतेला न दबणारी रूपं) तिथे रुजून जिवाणू वाढतात. ६० अंशांवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवं. तापमापक स्वतःचा न्या. कर्मचाऱ्यांशी एकेकट्याने, मालकाच्या पाठीमागे बोला. पगार कापला जाईल या भीतीने आजारपण लपवलं जातं. जुलाब-उलट्या झालेल्याला थांबल्यापासून ४८ तास अन्नाला हात लावू द्यायचा नाही.

कळवणं

पहिला अहवाल २४ तासांच्या आत, अर्धवट असला तरी. असा:

‘काल रात्री ८ वाजता सामूहिक जेवण, हजर अंदाजे १२०. दुपारी १२ पर्यंत ४१ आजारी. पहिला रुग्ण पहाटे २ वाजता, सर्वांत अलीकडचा सकाळी ११.३० वाजता. कळा ३९, जुलाब ३८, उलट्या ४, ताप १. दाखल २, मृत्यू नाही. स्वयंपाकघर बंद, उरलेला रस्सा व भात फ्रीजमध्ये सीलबंद. शौचाचे ६ नमुने घेतले. पाण्यातील क्लोरीन मोजणं बाकी. संशय: परफ्रिंजेन्स, अजून सिद्ध नाही. पुढचा अहवाल संध्याकाळी ६ वाजता.’

काय झालं, काय बाकी आहे, पुढची बातमी कधी: तिन्ही आहेत. रोज ठरल्या वेळी पुढचा अहवाल पाठवा, नवीन काही नसलं तरी ‘नवीन रुग्ण नाही’ असा. आकडे बदलले तर का बदलले ते लिहा. पुरवठादार अनेक ठिकाणी माल देत असेल तर बॅच क्रमांक, पावती आणि तारीख अन्नसुरक्षा यंत्रणेकडे त्याच दिवशी गेली पाहिजे. देशाबाहेर पसरण्याची शक्यता असेल तर आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली २००५ लागू होते: देशाने ४८ तासांत धोका पडताळायचा आणि नियमावलीच्या कसोटीत बसत असेल तर त्यानंतर २४ तासांत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं.

लोकांना सांगताना सूचना करता येण्याजोगी हवी. ‘पाणी उकळून प्या’ एवढं पुरत नाही: खळखळ उकळी एक मिनिट, दोन हजार मीटरवरच्या भागात तीन, हेच पाणी दात घासायला, बर्फाला आणि बाळाच्या दुधालाही. सूचना कधी उठेल तेही सांगा. आकडेवारीचा पुरावा भक्कम असेल, तर रिपोर्टची वाट न पाहता पदार्थ थांबवा.

शेवटच्या रुग्णानंतर त्या आजाराच्या सर्वाधिक अधिशयन काळाच्या दुप्पट दिवस कोरडे गेले, की साथ संपल्याचं जाहीर करता येतं. अंतिम अहवालात नेमकी कोणती पायरी चुकली ते नाव घेऊन लिहा. ‘अस्वच्छता’ हा शब्द कुणालाच काही दुरुस्त करू देत नाही. रुग्णयादी, प्रश्नावल्या आणि मिळालेले जंतू जपून ठेवा. आज विखुरलेले वाटणारे चार रुग्ण काही महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या रुग्णांशी जनुकीय क्रमाने जुळतात, आणि तेव्हा माग त्या जुन्या यादीतल्या एखाद्या बॅच क्रमांकापासूनच निघतो.